नावं ठाऊक नाहीत, आभार मात्र मनापासून

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ बोलता करणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. म्हणून हे चार शब्द.

पहिले आभार माझ्याआधी हा सेट उघडलेल्या मेकॅनिकचे. चॅसीच्या (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात त्यांनी व्होल्टेज लिहून ठेवलेत: ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या नळीच्या) सात नंबरच्या पिनवर २५०, तीन नंबरवर सातच्या आसपास. सर्किटचा नकाशा फाटलेला असताना मी त्याच आकड्यांवर विसंबलो.

‘थेट प्लग लावू नका, आधी सिरीजमध्ये बल्ब लावा’ असं बजावणाऱ्यांचेही. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा (प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या आतल्या जाळीवरचा) कागदी कंडेन्सर बाकी सगळं सोडून आधी बदलायचा, हेही त्यांचंच. तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, प्लेट लालबुंद होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळतो. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर मिळवताना नाकी नऊ येतात!

कापसात गुंडाळून ईएम८४ ही स्टेशन जुळल्याचं दाखवणारी नळी पाठवणाऱ्यांनी पैशांचा विषयच काढू दिला नाही. स्टेशन नीट लागलं की तिच्या हिरव्या पट्ट्या आता एकमेकींना भिडतात. (रात्री मी कार्यक्रमापेक्षा त्याच जास्त बघतो.)

यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कळवतो: आयएफ (रेडिओच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) ४५५ किलोहर्ट्झला जुळलाय, मीडियम वेव्ह स्वच्छ आहे. शॉर्ट वेव्हवर बँड स्विच अजून खरखरतो. काही सुचत असेल तर जरूर सांगा.