दोन पावसाळे झाल्यावर मगच बक्षीस

सातारा

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "पुरस्कारांचं एवढं काय मनावर घेतलंयस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आमच्या इथल्या आर्किटेक्ट मंडळींनी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांसाठी मिळून वास्तुरचना आणि लँडस्केपचे पुरस्कार सुरू करायचं ठरवलंय, हे तुला माहीत आहेच. नियमावलीचं काम माझ्याकडे आलं. सोबत जो कच्चा खर्डा मिळाला तो नेहमीच्या पद्धतीचा होता: अर्ज, मोजके फोटो, नकाशे, एक छोटं टिपण, आणि पुण्या-मुंबईचे परीक्षक एका दुपारी पडद्यावर सगळं बघून निकाल देणार. ते वाचून मी एका गोष्टीवर अडून बसले. परीक्षकांनी जागेवर गेलंच पाहिजे, आणि काम वापरात येऊन निदान दोन पावसाळे झालेले पाहिजेत.

तुला याचं कारण सांगायला नको, पण बैठकीत सांगावं लागलं. आमच्या या एका जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दहिवडी-म्हसवडकडे, पाचशेच्या आसपास पडला की लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. मग 'उत्कृष्ट निवासस्थान' असा एकच गट करून दोन्हीकडची घरं शेजारी शेजारी ठेवायची कशी? जावळी-पाटणकडच्या घरात मी आधी पागोळ्या कुठे पडतात ते बघेन. छप्पर भिंतीच्या किती पुढे आलंय, ओल जोत्यापासून कुठवर चढलीय, डोंगरावरून येणारं पाणी घराला वळसा घालून जातंय की पायाखालून. माणदेशात यातलं काहीच कामाचं नाही. तिथे एप्रिलच्या दुपारी घरात जाऊन बसायचं. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, जाड मातीच्या भिंतींच्या आत, अशा दुपारी किती बरं वाटतं ते तू अनुभवलंयस. तेच घर फोटोत इतकं साधं दिसतं की पहिल्याच चाळणीत बाहेर पडेल.

म्हणून मी फेऱ्यांचं वेळापत्रकच मांडलं. पाटण, जावळी, महाबळेश्वर भर जुलैत. माण, खटाव आणि सांगलीकडचे जत, आटपाडी एप्रिल-मे महिन्यात. कृष्णाकाठच्या कामांसाठी अर्जात एक वेगळा रकाना टाकलाय: २०१९ च्या पुरात या जागेवर किती फूट पाणी होतं? सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ ला पूर, २०१९ ला पूर, २०२१ ला पुन्हा पूर. एवढं झाल्यावर नदीकाठच्या इमारतीचं कौतुक करताना तिचा तळमजला पुराला कसा सामोरा जातो हे विचारायचं नाही, हे मला पटत नाही.

आणि डोंगरउताराचं तर फारच वाटतं गं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. तिथली कारणं भूगर्भवाल्यांनी सांगावीत. पण आपण, उतारावर बांधणारी माणसं, त्यानंतरही डोंगर उभा कापून वर बंगला बसवतो आणि ड्रोनने त्याचा फोटो काढून स्पर्धेला पाठवतो. फोटोत दरी असते, पोहण्याचा तलाव असतो, हिरवळ असते. कापलेला कडा बंगल्याच्या मागे राहतो, आणि हिरवळ उन्हाळ्यात टँकरवर जगते हेही फोटोत येत नाही. उतार किती कापला, कापला तिथे निचरा कसा केला आणि मेमध्ये पाणी कुठून येतं, या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो अर्ज पुढे जाऊ नये, असं मी लिहिलंय. यावर बराच वाद झाला.

बैठकीत एकजण म्हणाले, "मॅडम, जगात असं कोणी करत नाही." मी त्यांना वास्तुरचनेच्या आगाखान पुरस्काराचं सांगितलं. १९७७ पासून तो आहे, दर तीन वर्षांनी देतात. इमारत निदान वर्षभर वापरात असल्याशिवाय तिचा विचार होत नाही, आणि निवडलेल्या प्रत्येक कामावर तज्ज्ञ माणूस जाऊन पाहणी करून अहवाल देतो. १९९८ च्या फेरीत आपल्या महाराष्ट्रातल्या एका कामाला तो मिळाला, आठवतंय? चोपडा तालुक्यातल्या लासूरचं कुष्ठरुग्णांचं रुग्णालय. दोन नॉर्वेजियन आर्किटेक्टनी केलेलं. स्थानिक दगडाच्या भिंती, वर कमानीची छतं, त्यावर फरशीचे तुकडे आणि मधे भिंतीआड जपलेलं अंगण. आजूबाजूला उघडा माळ. त्या अंगणात शिरल्याशिवाय त्या कामाचं मोल कळणार कसं? पुरस्काराची रक्कमही तिथे एकट्या आर्किटेक्टला जात नाही. बांधून घेणारे, इंजिनिअर, कारागीर यांच्यातही वाटली जाते.

ही वाटणी मला सगळ्यात जास्त आवडते. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीची मापं काढायला आपण कॉलेजात असताना गेलो होतो. शंभरावर फूट खोल, अष्टकोनी, मधे तो महाल, वर मोटांच्या जागा. शिलालेखामुळे वीरूबाई भोसल्यांचं नाव आणि शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४, हा काळ आपल्याला कळतो. ते चिरे घडवणाऱ्या पाथरवटांची नावं मात्र आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. तीनशे वर्षांनी आपणही तेच करतोय. माझ्या कामांवर वर्षानुवर्षं असलेले गवंडी दगडी बांध असा रचतात की सिमेंटचा थेंब न लावता पाणी झिरपून जातं आणि माती जागेवर राहते. कागदावर मी फक्त एक रेघ मारलेली असते. मानपत्रावर आर्किटेक्टच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरात, मिस्त्रींचं नाव यावं, एवढी माझी मागणी आहे. ती मात्र एकमताने मान्य झाली, आणि मला खरंच फार बरं वाटलं.

लँडस्केपचा गट अजून अडकलाय. काहींच्या मनात लँडस्केप म्हणजे बंगल्याभोवतीची बाग. मी म्हटलं, या भागात लँडस्केपची सगळ्यात मोठी स्पर्धा होऊन गेलीय आणि त्यात आपल्यापैकी कोणी नव्हतं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी अडवण्या-जिरवण्याच्या गावागावांतल्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ ला माणमधलं टाकेवाडी. समतल चर, बांधबंदिस्ती, शेततळी: उताराचं आणि पाण्याचं जे शास्त्र आपण शिकलो ते गावाने फावडं घेऊन अमलात आणलं, आणि गुण प्रत्यक्ष झालेल्या कामावर मिळाले. अशा गावाला आमच्या अर्जात जागा आहे का? 'नोंदणीकृत आर्किटेक्टच्या सहीने' ही अट ठेवली तर नाही. सांगलीकडचं सागरेश्वर घे. धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडं लावून, राखून जंगल उभं केलं. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. लँडस्केपला वाढायला वेळ लागतो, म्हणून त्या गटात दोन पावसाळेही कमीच. तिथे मी दहा वर्षांची अट सुचवलीय आणि ग्रामपंचायत, शाळा, देवस्थान कोणीही अर्ज करू शकेल असं लिहिलंय.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांसाठीही, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांसाठीही, मी भांडतेय. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, आत पोट मोठं, आणि माती अशी की हळद आत टिकून राहायची. २००५ च्या महापुराने त्यातली बरीचशी घालवली. असं काही जपणाऱ्याला वेगळा सन्मान असावा. युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार २०२२ ला मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला आणि भायखळा स्टेशनला मिळाले, तसेच गोवळकोंड्याच्या बारवांनाही. बारव चालते तर पेव का चालू नये?

खर्चाची अडचण खरी आहे. तीन जिल्हे फिरायचे, तेही दोन ऋतूंत. मी दरवर्षीऐवजी तीन वर्षांनी एकदा पुरस्कार देऊ म्हटलं, समारंभ साधा ठेवू, वाचलेले पैसे प्रवासाला. समारंभाच्या बाजूने बोलणारे बरेच आहेत, त्यामुळे हे अजून ठरलेलं नाही.

इथे तुझी गरज आहे. पहिल्या परीक्षक मंडळात तू हवीस. मातीच्या भिंतीला हात लावून ओल ओळखणारी माणसं फार नाहीत, आणि कोणाचं नाव मोठं आहे म्हणून तू दबणार नाहीस. जुलैतली फेरी पाटणपासून सुरू करू, मुक्काम आमच्याकडेच. आईही तुझी वाट बघतेय.

नियमावलीची प्रत सोबत पाठवलीय. 'दोन पावसाळे' आणि लँडस्केपची दहा वर्षं, या दोन कलमांवर तुझं मत लेखी पाठव. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवायचंय, तेव्हा महिनाअखेरीच्या आत मिळालं तर बरं.

तुझी,
मीना