मॅरेथॉननंतर रक्त कधी तपासावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी ४२ किलोमीटर धावायचे आणि सुट्टी आहेच म्हणून सोमवारी ‘फुल बॉडी चेकअप’ उरकायचे, ही पद्धत वाढते आहे. ती कृपया सोडावी.

या अहवालात सीपीके (स्नायूंतले एक एन्झाइम) हमखास वाढलेले असते, कधी हजारांत. एक ते तीन दिवसांत ते सर्वाधिक होते आणि उतरायला आठवडाही लागतो. ते येते मांड्या-पोटऱ्यांच्या शिणलेल्या स्नायूंतून. यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी हे एन्झाइमही तिथूनच येते, पण दोष यकृताला लागतो! सीपीकेचाच एक प्रकार, सीपीके-एमबी, हृदयाचे मानले जाते; मात्र नेहमी धावणाऱ्यांच्या पायांतही ते असते, म्हणून शर्यतीनंतर त्यावर विसंबू नये.

हृदयाला इजा झाली का, हे पाहण्यासाठी मोजतात त्या ट्रोपोनिन या प्रथिनाचे तसे नाही, ते हृदयाच्याच स्नायूतले. तरीही २००४ आणि २००५च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ६० हौशी धावपटूंपैकी निम्म्याहून अधिक जणांत ते मर्यादेबाहेर गेले होते. आठवड्याला ५६ किलोमीटरपेक्षा कमी सराव असलेल्यांत वाढ जास्त होती. बहुतेकांत ते एक ते तीन दिवसांत पूर्ववत होते. आमच्या मते यातला धडा सरावाचा आहे: अर्धवट तयारीवर पूर्ण मॅरेथॉनचा बिब (छातीवर लावायचा स्पर्धक क्रमांक) घेऊ नये.

पण ‘धावल्यामुळे वाढलं असेल’ म्हणून छातीतला दाब, डाव्या हातातली कळ, दम किंवा भोवळ अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. लगेच ईसीजी काढावा. ट्रोपोनिन एकदाच पाहून भागत नाही, काही तासांनी पुन्हा पाहावे लागते. शर्यत किती वाजता संपली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कोलेस्टेरॉलची गोष्ट वेगळी. लांब पल्ला धावल्यावर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) एक-दोन दिवस खाली राहते, म्हणजे अहवाल उगाच गोंडस दिसतो. महिनोन्‌महिने धावल्यावर एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) थोडे वाढते. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मात्र फारसे हलत नाही. लिपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा धोका वाढवणारा, कोलेस्टेरॉल वाहणारा कण) तर आनुवंशिक, ते धावून उतरत नाही. नेहमीच्या पॅकेजमध्ये ते बहुधा नसते. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर डॉक्टरांना सांगून ते एकदा तपासून घ्यावे.

तपासणी शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी करावी, नाहीतर नंतर किमान दहा दिवसांनी. रक्त देण्यापूर्वी दोन दिवस जोराचा व्यायाम नको, दहा-बारा तास उपास असावा, पाणी मात्र प्यावे.

— धावपटूंच्या तपासण्या करणारे काही डॉक्टर, सातारा