डाग काढा, पण आधी डाग कुणाचा ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने फोटो मोबाईलवर साफ कसे करायचे यावर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख सोपा आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण सगळा भर एकाच गोष्टीवर, की डागावर बोट फिरवा आणि डाग गायब. अहो, पण तो डाग आहे कसला हे कोण बघणार? स्कॅनरच्या काचेवरचा धुळीचा कण, फोटोच्या कागदावर पडलेला ओरखडा आणि आजोबांच्या हनुवटीवरची लहानपणची खोक, ॲपला तिन्ही सारखेच. पहिले दोन बिनधास्त काढा. तिसरी खूण आजोबांची आहे, ती पुसली की फोटोतला माणूसच बदलतो. तीळ, देवीचे व्रण, सुरकुत्या सगळं यातच आलं. 'ब्युटी' वालं बटण तर जुन्या फोटोला लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काढायचं कसं, तर फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधल्या क्लोन आणि हीलिंग या दोन ब्रशांतला फरक लेखात यायला हवा होता. क्लोन स्टॅम्प शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून डागावर ठेवतो. हीलिंग ब्रश, जो फोटोशॉपमध्ये २००२ मध्ये आला, तो शेजारचा फक्त पोत घेतो आणि रंग-उजेड डागाच्या आजूबाजूला जुळवून घेतो, म्हणून गाल, आकाश, भिंत असल्या ठिकाणी तो झकास चालतो. पण केसांची कड, साडीचा काठ, चष्म्याची फ्रेम अशा जागी शेजारचा गडद रंग आत ओढला जातो आणि नुसता चिखल होतो, तिथे बारीक ब्रश घेऊन क्लोनच करावा. आणि हे सगळं वेगळ्या लेयरवर (फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर) करायचं म्हणजे खालचा मूळ फोटो तसाच राहतो. हल्लीचे एआय इरेजर डागाखाली खरं काय होतं ते शोधत बसत नाहीत, काय असू शकेल ते रंगवून मोकळे होतात. भिंतीवर चालून जाईल, डोळ्यावर किंवा बोटांवर नाही.

मुळात बरेच डाग ब्रश न उचलता कमी होतात. स्कॅनरची काच आणि फोटो हवा मारायच्या ब्लोअरने हलकेच झटकून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करा, कारण कलर स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन भागांत म्हणजे चॅनलमध्ये साठवलेला असतो, आणि पिवळा पडलेला डाग ब्लू चॅनलमध्ये सगळ्यात गडद दिसतो आणि रेड चॅनलमध्ये जवळपास दिसतच नाही, मग रेड चॅनल घेऊन फोटो परत ब्लॅक अँड व्हाइट केला की झालं. निळ्या पेनाची रेघ असेल तर उलट, ब्लू चॅनल बघायचा. हे कुठलंही ॲप आपणहून सांगत नाही. निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्यांसाठी एक सांगतो, काही स्कॅनर इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने धूळ ओळखून आपोआप काढतात, ते कलर निगेटिव्हला उत्तम, पण नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते त्यामुळे स्कॅनरला चित्रच धूळ वाटतं, तिथे ते बंद ठेवा.

कोणी म्हणेल घरच्या फोटोला एवढा काथ्याकूट कशाला. पण बातमीच्या फोटोत नेमका हाच फरक धरतात. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेली एक एंट्री बाद झाली, कारण एका फोटोत मागे दिसणारं पाऊल एडिट करून काढलं होतं. त्याच स्पर्धेच्या नियमांत कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ आणि स्कॅन केलेल्या निगेटिव्हवरचे ओरखडे काढायला मात्र परवानगी आहे. म्हणजे कॅमेऱ्याची घाण काढा, समोर जे होतं त्याला हात लावू नका. घरच्या फोटोत पन्नास वर्षांनी कोण काय शोधेल कुणी सांगावं? कोपऱ्यातला स्टुडिओचा उठावाचा शिक्का बऱ्याच जणांना डागच वाटतो, पण फोटो कुठे काढला हे सांगणारी ती एकच खूण असू शकते. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा.

तर विनंती एवढीच, की या विषयावर परत लेख येईल तेव्हा पहिल्याच ओळीत लिहा की न सुधारलेला स्कॅन आधी वेगळा सेव्ह करा, शक्यतो टिफ या फाइल प्रकारात, कारण जेपीजी फाइल दर वेळी एडिट करून सेव्ह केली की थोडी खराब होते. आणि वाचकांकडून जुने फोटो मागवाल तेव्हा साफ केलेल्या कॉपीबरोबर तो मूळ स्कॅनही मागून घ्या, म्हणजे छापायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

आपला,
एक नियमित वाचक