फझ पेडलच्या दबलेल्या आवाजाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे आणि आईचा खोकलाही थांबला आहे. हे पत्र मात्र आपण बनवलेल्या त्या फझ पेडलविषयी, म्हणजे गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या, पायाने दाबायच्या यंत्राविषयी आहे, कारण ही गोष्ट तुझ्याखेरीज कुणाला सांगावी असे वाटत नाही.

पेडलचा स्वर आपल्याला हवा होता तसाच जाड आणि खरखरीत निघाला. पण व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी पेडल दाबताच गिटार मागे पडत असे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे जिथून वाढलेला सिग्नल बाहेर येतो त्या पायावर, ४.६ व्होल्ट मिळत होते, म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर बायस (ट्रान्झिस्टरची स्थिर व्होल्टेज-पातळी) अगदी योग्य होता. मग एका कपॅसिटरमधून तार काढून मी सर्किटमधला एकेक बिंदू अॅम्प्लिफायरवर ऐकत गेलो. कलेक्टरवर आवाज दणदणीत होता आणि पुढच्या जोडावर तो एकदम क्षीण झाला.

कारण मूळ आराखड्यातच आहे. १९६६ सालच्या फझ फेस या पेडलप्रमाणे आपण कलेक्टरचा भार, म्हणजे त्याला जोडलेला रोध, ४७० ओहम आणि ८.२ किलोओहम असा विभागला आणि आउटपुट त्या दोघांच्या मधून घेतले; त्यामुळे कलेक्टरवरच्या सिग्नलचा जेमतेम ५.४ टक्के भाग बाहेर पडतो. तू आउटपुटच्या ०.०१ मायक्रोफॅरड कपॅसिटरवर संशय घेतला होतास, पण ५०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटसोबत (फिरवून बदलता येणाऱ्या रोधासोबत) तो साधारण ३२ हर्ट्झच्या खालचेच कापतो, तेव्हा तो निर्दोष आहे.

मी ४७० च्या जागी १ किलोओहम आणि ८.२ च्या जागी ७.५ किलोओहम बसवला. एकूण भार जवळपास तोच राहिल्याने बायस हलला नाही आणि सिग्नल दुपटीहून थोडा अधिक झाला. २.२ आणि ६.२ किलोओहमची जोडी लावली, तर तो मूळच्या जवळजवळ पाचपट होईल.

इथेच आपला जुना वाद पुन्हा उभा राहतो. मूळ आराखड्याला हात लावला की स्वर बिघडतो, असे तू त्या रात्री दादासमोर ठासून सांगितले होतेस. माझे म्हणणे असे की सिग्नल चिरडला जातो तो ट्रान्झिस्टरमध्येच, आणि तिथे काहीही बदललेले नाही. मात्र जोरकस आउटपुट अॅम्प्लिफायरला अधिक ढकलते आणि त्याची स्वतःची खरखर त्यात मिसळते, म्हणून स्वर वेगळा भासतो. दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्या आवाजात ऐकल्याशिवाय कोणताही निर्णय न्याय्य ठरणार नाही, आणि त्यासाठी मला तुझे कान हवे आहेत.

नव्या घरात सारे स्थिरस्थावर झाले असेल. लेकीच्या परीक्षेचे काय झाले, ते कळव. तुझ्या पेडलचे कलेक्टर व्होल्टेज मोजून पाठव आणि ही १ किलोओहमची जोडी तुझ्या अॅम्प्लिफायरवर वाजवून पाहा. तुझे उत्तर येईपर्यंत मी २.२ ची जोडी बसवणार नाही.

तुझाच मित्र