सरांना काढलं

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, रात्री

प्रिय बंड्या,

दोन महिने पत्र नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. रागावला असशील. तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच.

रविवारी आपल्या फुटबॉल क्लबच्या कमिटीने सरांना कोचपदावरून काढलं. सातपैकी पाच हात वर झाले. त्यातला एक माझा.

सहा सामन्यांत पाच हार. एकजण म्हणाला, "मोठमोठे क्लब अर्ध्या सीझनला मॅनेजर बदलतात, आपण कशाला थांबायचं?" लगेच तुझ्या लाडक्या इंग्लिश क्लबचा, चेल्सीचा दाखला निघाला. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्ड गेला, टुखेल आला आणि मे महिन्यात युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग जिंकली. खरंच आहे ते. त्या रात्री अडीचला फोन करून तू आमची अख्खी बिल्डिंग उठवली होतीस! पण लेस्टर या दुसऱ्या इंग्लिश क्लबचं नाव कुणी काढलं नाही. ते जिंकण्यावर सट्ट्यात ५००० ला १ असा भाव होता, तरी मॅनेजर रानिएरीने २०१६ ला इंग्लंडची लीग जिंकून दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यालाच घरी पाठवलं. पुढे संघ सावरून बाराव्या नंबरवर आला, म्हणून लोक त्या निर्णयाला बरोबर म्हणतात. मला अजून पटत नाही.

मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन माझ्या अगदी ओठावर आला होता. १९८६ ला आला, पहिली ट्रॉफी थेट १९९० ला. पण लगेच तुझा आवाज कानात वाजला, "अरे, तो आला तोच अर्ध्या सीझनला, नोव्हेंबरात, आधीच्या अ‍ॅटकिन्सनला काढून!" त्या वादात तू मिसळ अर्धी टाकून उठला होतास आणि बिल मी भरलं होतं, ते अजून बाकी आहे. रविवारी मी गप्प बसलो.

बोलायला हवं होतं ते आता सुचतंय. आपले दोन्ही फॉरवर्ड बारावीच्या क्लासला अडकलेत, गोलकीपरचा हात प्लास्टरमध्ये. ही पोरं परत आली की बाकावर कुणीही बसो, संघ जिंकणारच आणि नाव नव्या कोचचं होणार. पोरं कोचचं ऐकेनाशी झाली तर काढा, तेव्हा मी सर्वांत आधी हात वर करीन. पण इथे? पाचवी मॅच हरल्यावर सरांनी पोरांना चुन्याच्या रेषेवर बसवलं, चप्पल काढली आणि तिच्या टोकाने मातीत रेघा ओढून अंगावर येणाऱ्याला बाहेर कसं वळवायचं ते दाखवलं. तो बुटका फुलबॅक म्हणाला, "सर, परत दाखवा ना." तीनदा दाखवलं. अशा संघाचा कोच कुणी काढतं का रे?

सोमवारी सकाळी सर कपाटाची चावी द्यायला घरी आले. "बॉल सात आहेत, दोघांची हवा जाते. पंप खालच्या कप्प्यात." एवढंच बोलले. चहाही घेतला नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? बारशाची तारीख कळव, वहिनींना नमस्कार.

ठराव मागे घ्या असं पत्र मी कमिटीला लिहिलंय. तू अजून सभासद आहेस, त्याखाली तुझी सही हवी. शनिवारी ये, संध्याकाळी सरांकडे जाऊ. एकट्याने त्यांच्या दारात उभं राहायचं धाडस होत नाही.

तुझाच,
पक्या