खटका ओढणारा हात

सातरस्ता, मुंबई

प्रिय बंड्या,

परवा फोनवर चिडलास, ‘ग्रुपवर सगळे फाशी द्या म्हणतायत, तू एकटाच गप्प का?’ फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

२१ नोव्हेंबर २०१२ ची सकाळ आठवते? येरवड्यात कसाबला फाशी दिल्याची बातमी आली आणि आपल्या चाळीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. चार वर्षं तो इथेच, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, आर्थर रोडला होता. ती फाशी मला तेव्हा चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. पण खटका ओढणाऱ्याचं नाव गुप्त राहिलं. त्या दुपारी तो घरी जाऊन जेवला असेल का, हे माझ्या मनातून जातच नाही.

केवढी तयारी असते रे त्या कामाला! आधी कैद्याचं वजन. भारी माणसाला दोर कमी सोडायचा, हलक्याला जास्त. मग कैद्याहून जड वाळूची गोणी लटकवून दोर तपासायचा. दोर बिहारच्या बक्सर तुरुंगात कैदीच वळतात. कोलकात्याचे नाटा मल्लिक, २००४ साली धनंजय चॅटर्जीला फाशी देणारे, दोराला साबण आणि पिकलेलं केळं चोळायचे, मऊ व्हावा म्हणून. ते केळं चोळणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आणि इंग्लंडचा अल्बर्ट पियरपॉइंट. वडील जल्लाद, चुलता जल्लाद. यानेही चारशेहून जास्त माणसं फासावर चढवली. एरवी पब चालवायचा. तिथे जेम्स कॉर्बिट नावाचं रोजचं गिऱ्हाईक. दोघं मिळून गाणी म्हणायचे, एकमेकांना टिश आणि टॉश म्हणायचे. कॉर्बिटने मैत्रिणीचा गळा आवळला. नोव्हेंबर १९५० मध्ये मँचेस्टरच्या तुरुंगात त्याला फाशी द्यायला पियरपॉइंटच गेला. कोठडीत शिरल्यावर दोघांनी एकमेकांना त्याच लाडक्या नावांनी हाक मारली. पुढे सगळं नेहमीसारखं, काही सेकंदांत. १९५६ मध्ये त्याने काम सोडलं, आणि नंतर स्वतःच लिहिलं की फाशीने सूडापलीकडे काही साधत नाही.

बंड्या, चाळीस वर्षं मी तुला या नावाने हाक मारतोय. ती कोठडी वाचली आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. म्हणून ग्रुपवर माझा अंगठा उठला नाही.

रविवारी डोंबिवलीहून ये. भांडायचं तर समोर बसून भांड.

तुझाच,
पक्या