घर विकताना सोबत बसलेल्या काकांना

प्रिय काका,

प्रभूमध्ये सलाम.

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणून नाव लिहिलेलं नाही. आपल्या चर्चच्या मंडळीतले लोक दोन ओळींतच ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. पण पप्पांचं घर विकल्यापासून उपासनेनंतर कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं, "सगळे पैसे चेकने घेतले म्हणे? जमलं कसं?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. आणि लिहायचंच तर ते तुम्हाला उद्देशूनच लिहायला हवं, कारण आभार मानायचे राहून गेलेत.

भायखळ्याचं ते घर पप्पांनी १९८६ साली घेतलं होतं. ते गेल्यावर भावाच्या आणि माझ्या नावावर झालं. एजंटने पहिल्याच भेटीत व्यवहार समजावला: रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरापर्यंत चेक, त्याच्या वरचे रोख. करारात त्या दरापेक्षा कमी रक्कम दाखवली तरी मुद्रांक शुल्क त्याच दराने भरावं लागतं, म्हणून तिथपर्यंत सगळं पांढरं. खरा खेळ त्याच्या वर. "मॅडम, मुंबईत असंच चालतं," हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की मलाच माझ्या प्रश्नाची लाज वाटावी. भाऊ म्हणाला, "आपण कोणाची चोरी करतोय? घर आपलं, पैसे आपले. तुला काय पंडिता रमाबाई व्हायचंय?"

मला उत्तर सुचलं नाही. नको एवढंच कळत होतं, का नको ते धड सांगता येत नव्हतं.

"खरेपणाने वाग, देव बघून घेईल," असं सांगणारे पुष्कळ भेटले. तुम्ही तेवढे विचारलंत, "तोटा किती होतोय? आकडा सांग." मग आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चहा गार करत, तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानामागे हिशेब मांडलात. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचं अक्षर ते, रकाने आखल्याशिवाय आकडा उतरायचाच नाही.

त्या हिशेबाने माझी निम्मी भीती गेली. आमची सगळी घबराट कॅपिटल गेनच्या, म्हणजे घर विकून होणाऱ्या नफ्यावरच्या टॅक्सची होती आणि तो नेमका किती बसतो हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की वारशाने आलेल्या घराला पप्पांचीच खरेदीची किंमत धरतात. आणि घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल, तर १९८६ च्या किरकोळ किमतीऐवजी त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा, बस. आम्ही विकलं तेव्हा १२.५ टक्क्यांचा किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा, यातला कमी पडेल तो कर भरायची मुभा होती. शिवाय नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात घातला तर सूट, सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत घातला तर ५० लाखांपर्यंत सूट. उलट घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर जितकी घेतली तितकाच दंड. हे सगळं कायद्यात उघड लिहिलेलं आहे. मला अजून नवल वाटतं, आपण सरळ रस्ता किती लांबचा आहे ते न विचारताच गल्लीत शिरतो.

पैशांचं निम्मं सुटलं. भावाच्या "पैसे आपलेच" या बोलण्याचं काय, ते मात्र मला टोचत होतं. तेव्हा तुम्ही बायबलातला प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय काढायला सांगितलात. त्यातल्या हनन्या आणि सप्पिरा या नवराबायकोवर आपल्याकडे प्रवचन होतं ते बहुधा दानार्पणाच्या तोंडावर, लोकांचा हात खिशात जरा खोल जावा म्हणून. (पाळकसाहेब, रागावू नका.) पण ती गोष्ट मुळात जमीनविक्रीची आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. प्रेषित पेत्र तर हनन्याला स्वतःच कबूल करतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझेच होते. त्याची तक्रार एवढीच की आलेला आकडा एक आणि सांगितलेला दुसरा. तुम्ही त्यावर काही भाष्य केलं नाहीत. "वाच," म्हणालात आणि गार चहा प्यायलात.

गिऱ्हाईक शोधायची युक्तीही तुमचीच. "पगारदार बघ. ज्याचा पगार बँकेत येतो आणि जो कर्ज काढणार, त्याच्याकडे काळे येणार कुठून? त्याला तर करार पूर्ण रकमेचाच हवा, बँक करार बघून कर्ज देते." असं गिऱ्हाईक यायला पावसाळा उलटला. एजंटने फोन उचलणं सोडलं होतं. शेवटी एक शिक्षिका आणि तिचा नवरा आले. करार तिच्या एकटीच्या नावावर केला तर मुंबईत ६ ऐवजी ५ टक्के मुद्रांक शुल्क लागेल, हे त्यांनाही तुम्हीच सांगितलंत. ते वाचलेले पैसे त्यांनी किमतीत थोडे वर सरकून आम्हाला दिले. तरीसुद्धा वरचे रोख द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा आमचा भाव नऊ लाखांनी खालीच राहिला.

इथे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. बाकीचं एखाद्या सीएनेही सांगितलं असतं.

मी तणतणत तुमच्याकडे आले होते, की भाऊ साडेचार लाखांसाठी बोलेनासा झालाय, विश्वासात कच्चा आहे, वगैरे. मला वाटलं तुम्ही माझी पाठ थोपटाल. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "तुझ्या विवेकाचं बिल त्याच्या नावावर फाडू नकोस." मग पंधराव्या स्तोत्रातला तो माणूस दाखवलात, जो स्वतःचं नुकसान झालं तरी दिला शब्द फिरवत नाही. बोट तुम्ही 'स्वतःचं' यावर ठेवलं होतं. करार एक, सह्या दोघांच्या, त्यामुळे खोट्या आकड्याला मी तयार नाही म्हटल्यावर भावाला दुसरा रस्ताच उरत नव्हता. नियम माझा आणि भुर्दंड त्याला, असं ते होत होतं. त्याच्या तुटीतले जमतील तेवढे मी माझ्या वाट्यातून द्यावेत, असं तुम्ही सुचवलंत. सुचवलंत म्हणजे काय, पानावर रकानाच आखलात.

माझ्या नवऱ्याशी बोलून मी तीन लाख दिले. ते पैसे जाताना जीव कळवळला, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर मला भावाविषयी "तो कच्चा, मी पक्की" असं म्हणता येईना. प्रामाणिक माणसं घरात इतकी असह्य का होतात, हे तेव्हा मला जरा कळलं. त्यांच्या प्रामाणिकपणाचे हप्ते बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी भरत असतं.

नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून तुम्ही आलात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पंखा होता, तो फिरत होता, वारा मात्र येत नव्हता. तुमचा अंगठा यंत्रावर उमटेना. क्लार्क म्हणाला, "आजोबा, कपाळाला घासा." घासलात. "केसांना लावा." लावलात. केस कुठे उरलेत तुमचे, मागची रांग हसायला लागली. तेवढ्यात तुम्ही मला अब्राहामाचं सांगायला सुरुवात केलीत, की बायकोला, सारेला, पुरायला त्याने मकपेलाचं शेत घेतलं तेव्हा शेताचा मालक एफ्रोन फुकट देतो म्हणत होता, तरी अब्राहामाने पूर्ण किंमत विचारली आणि गावाच्या वेशीत सगळ्यांच्या देखत चारशे शेकेल रुपे तोलून दिलं. "उत्पत्ती तेवीस," म्हणालात, "झाडांसकट नोंद आहे." क्लार्कने विचारलं, कुठल्या तालुक्यातली केस? नंतर कितव्या खेपेला कोण जाणे, अंगठा उमटला.

तुम्ही गोड माणूस आहात असं मी म्हणणार नाही, मंडळीत कोणाला पटणारही नाही. दानार्पण मोजताना दुसऱ्याची सही झाल्याशिवाय तुम्ही कोणाला घरी जाऊ देत नाही, मग भले त्याची लोकल चुको. त्याच दिवशी परत येताना टॅक्सीवाल्याशी सुट्या पैशांवरून केवढं भांडलात! आणि मला ताकीद दिलीत की रोखवाल्या गिऱ्हाइकाविषयी प्रार्थनासभेत एक शब्द काढायचा नाही, साक्ष म्हणून तर नाहीच. त्या माणसालाही घरच हवं होतं. ती ताकीद मी अर्धीमुर्धी मोडतेय, पण तो कोण हे कोणाला कळणार नाही.

भाऊ अजून पूर्ण निवळलेला नाही. नाताळला आला, जेवला, करंज्यांचा डबा घेऊन गेला. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. वेळ लागेल. घाईने समेट घडवायला जाऊ नकोस, हेही तुमचंच सांगणं.

एक शेवटचं. मूल्यांककाची फी त्या दिवशी तुम्ही भरलीत आणि नंतर विषय काढला की "बघू" म्हणत राहिलात. पावतीवरचा आकडा माझ्याकडे आहे. पैसे आज सकाळी तुमच्या खात्यात पाठवलेत. परत पाठवू नका, मी पुन्हा पाठवीन, आणि दोघांचीही पासबुकं उगाच भरतील.

तुमची,
भायखळ्याच्या घरातली थोरली